किरकोळ दुरुस्त्या

"होतं असं, मर्व. वय झालं की होतंच. माझ्या आजोबांचंही व्हायचं," ट्रेंट म्हणाला आणि त्यानं मर्वच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी पुश केलं होतं," मर्व म्हणाला. "गुरुवारी दुपारी. सगळंच्या सगळं."

"हो, तुला तसं वाटतंय हे मला मान्यच आहे ना." आवाज असा गोड की टोस्टला फासावा. "पण साठ्यात नाहीये ते. नेव्हा, तूच बघून सांग बाई. मी सांगितलं तर त्याला राग येईल."

मी बघितलं. नव्हतं. मर्वचं तीन आठवड्यांचं काम आमच्या कॉम्प्युटरवरच्या साठ्यात कुठेच नव्हतं. शेवटची नोंद मागच्या महिन्याच्या रिलीजची, म्हणजे बोटींना दिलेल्या आवृत्तीची, माझ्याच नावावरची.

"नाहीये रे मर्व," मी म्हणाले.

हे वाक्य ट्रेंटचं नाही, माझं. आधीच सांगून टाकते, म्हणजे या सगळ्यात मी फार शहाणी होते असं कुणाला वाटायला नको.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, जेराल्डटनच्या बंदरावर, जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. शेवंड, म्हणजे लॉबस्टर, पकडणाऱ्या बोटींसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहितो. कुठल्या बोटीनं कुठे सापळे टाकले, किती शेवंड आणली, अंड्यावर असलेल्या किती माद्या परत सोडल्या, हे कप्तानानं फोनवर भरायचं आणि ते सरकारात जायचं. मालक पर्थला बसतात. इथे आम्ही चौघं: मी, मर्व, टमीका नावाची तरुण पोरगी, आणि तीन वर्षांपूर्वी पर्थहून आमच्या डोक्यावर आणून बसवलेला ट्रेंट विल्मोट.

प्रत्येकजण आपापल्या मशीनवर काम करतो आणि ते एका सामाईक साठ्यात टाकतो. कामाच्या प्रत्येक तुकड्याला कमिट म्हणतात. त्यावर नाव, तारीख, वेळ आणि काय केलं त्याची एक ओळ असते. तो साठ्यात ढकलला की पुश झाला. चुकीचं कमिट गेलं तर ते मागे घेता येतं, आणि त्याचे दोन रस्ते आहेत. एक सरळ: उलटी नोंद करायची, की बाबा अमुक चूक मागे घेतली. चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते. दुसरा रस्ता जबरदस्तीचा: मागचं खोडूनच टाकायचं, जसं काही घडलंच नाही. आमच्याकडे दुसऱ्या रस्त्याला बंदी होती. अठरा वर्षांपूर्वी मी आणि मर्वनं ती घातली. "बोटीच्या लॉगबुकातलं पान कुणी फाडतं का?" असं मर्व म्हणाला होता, आणि विषय तिथेच संपला होता.

मर्व मूळचा बोटीवरचाच. चाळिशीपर्यंत सापळे ओढले, मग पाठ गेली. तेव्हा सरकारी तंत्रशाळेत जाऊन, पोरासोरांच्या बाकावर बसून हे काम शिकला. हुशार म्हणावा असा नाही. पण त्यानं लिहिलेलं कधी फुटलं नाही. कप्तान लोक काय भाषेत बोलतात, ओल्या बोटांनी फोन कसा दाबतात, हे त्याला माहीत. बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. मुलगी केरी हॉस्पिटलात नर्स आहे, ती आठवड्यातून दोन दुपारी आपल्या चार वर्षांच्या मिलीला त्याच्याकडे सोडते. त्या दोन दिवशी मर्व साडेतीनला उठतो, आणि उठताना "साहेबांची वेळ झाली" म्हणतो. साहेब म्हणजे मिली.

मागच्या हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा हलकासा झटका आला. डावा हात पंधरा दिवस बधिर होता, मग सुटला. डॉक्टर म्हणाले, डोक्याला काही धक्का नाही, निर्धास्त राहा. पण निर्धास्त राहा म्हटल्यानं कोण राहतं? किल्ली कुठे ठेवली ते सापडलं नाही की मर्वचा चेहरा पांढरा पडायचा. अहो, किल्ली माझीही सापडत नाही. मी जन्मापासून वेंधळी आहे. पण मला झटका आला नव्हता, म्हणून मी हसायचे आणि तो घाबरायचा.

तर मंगळवारी हा प्रकार. मी गुरुवारपासून रजेवर होते, दाढ काढायला पर्थला गेले होते. शुक्रवारी ऑफिसातली सगळी मशीनं बदलली. जुनी पुसून, खोक्यात भरून परत गेली. म्हणजे मर्वनं काम साठ्यात टाकलं नसेल, तर ते जुन्या मशीनबरोबर गेलं. आणि साठ्यात तर नव्हतं. दोन आणि दोन चार, त्यात कुणाला शंका यावी? पहिल्या तारखेपासून नवे नियम लागू होणार होते, ऐंशी बोटी आमच्यावर अवलंबून होत्या.

"मी पुन्हा लिहितो," मर्व म्हणाला. "आठवडाभर बसतो. शनिवार-रविवारही येतो."

"नको रे, तब्येत सांभाळ," ट्रेंट म्हणाला. "तब्येत पहिली."

बुधवारी सकाळी मर्वचा सगळ्यांना मेल आला. मालकांनासुद्धा. 'मी काम साठ्यात टाकायला विसरलो. चूक पूर्ण माझी आहे. मला टाकल्यासारखं आठवत होतं, पण तसं झालेलं नाही. क्षमस्व.' टमीका मेल वाचून रडली. मी रडले नाही, मी जाऊन त्याला म्हणाले, "एवढं लोटांगण कशाला घालायचं? विसरलास, विसरलास."

"अगं नेव्ह, विसरलो असतो तर काही नाही," तो म्हणाला. "मला केल्याचं आठवतंय. न केलेलं आठवतंय. हे विसरण्यापेक्षा वाईट आहे."

यावर मी काय बोलले असेन? "चल, काहीतरीच." एवढंच.

त्या दुपारी साडेतीन वाजून गेले तरी तो उठला नाही. "साहेब नाही का आज?" मी विचारलं. त्यानं स्क्रीनवरून मान वळवली नाही. "केरीला फोन करून सांगितलं, पोरीला माझ्याकडे ठेवू नकोस म्हणून. गॅस चालू राहिला म्हणजे? समुद्रावर नेली आणि तिथेच विसरून आलो म्हणजे?" मी म्हटलं, "वेडा आहेस का?" तो म्हणाला, "तेच तर बघायचंय."

गुरुवारी ट्रेंटनं त्याला शुक्रवारी सकाळी अकराची वेळ दिली. आपल्या काचेच्या खोलीत, दार लावून. तब्येतीच्या कारणानं स्वखुशीनं काम सोडतोय, असा कागद तयार होता. हे मला कसं कळलं? कारण शुक्रवारी सकाळी साडेआठला ट्रेंटनं मला आत बोलावलं आणि दुसरा एक कागद पुढे सरकवला.

तो दह्याचं डबडं खात होता. झाकण चाटलं, आतून बाहेरून, आणि मग बोलला. "नेव्हा, इथे एक सही हवी होती. फक्त एवढंच, की मर्वचं विसरणं गेल्या काही महिन्यांत तुझ्याही लक्षात आलंय."

"माझ्या?"

"मालकांना बरं पडतं गं, दोन माणसांचं असलं की. त्याच्याच भल्याचं आहे. सन्मानानं जाईल तो, केक वगैरे कापू."

केक! पण खरं सांगायचं तर मी कागद फाडला नाही, त्याच्या तोंडावर फेकला नाही. मी म्हणाले, "वाचून देते." कारण मनातून मलाही ते खरंच वाटत होतं. मर्व विसरलाय, मर्वचं काहीतरी बिघडलंय, हे मी मंगळवारपासून धरून चालले होते. अठरा वर्षं शेजारी बसलेला माणूस सांगतोय की मी केलं, आणि मी त्याच्यापेक्षा स्क्रीनवर विश्वास ठेवला. माझ्या या गुणाची आजही मला किळस येते.

फक्त एक वाईट खोड आहे मला: बघितल्याशिवाय सही करत नाही.

आमच्या चहाच्या ओट्याखाली, फ्रीजच्या बाजूला, एक जुनं मशीन आहे. त्याला स्क्रीन नाही, कुणाचं त्याच्याकडे लक्ष नाही. त्याचं काम एकच. साठ्यात नवीन काही पडलं की ते उचलून आणायचं, चालवून बघायचं, आणि काय कधी आणलं त्याची ओळ लिहून ठेवायची. ते बघण्याचं काम माझ्याकडे. मशीनं बदलली तेव्हा ते कुणी बदललं नाही, कारण ते आहे हेच ट्रेंटला ठाऊक नव्हतं. साठ्यातलं काही जबरदस्तीनं खोडलं, तरी या मशीननं एकदा आणलेलं बरेच दिवस त्याच्या पोटात राहतं.

मी माझ्या जागेवर बसून त्याच्या ओळी उघडल्या. बघायचं होतं ते एवढंच, की गुरुवारी काही आलं नाही. मग सही.

गुरुवार, दुपारी ३.४२. मर्व डगन. 'अंड्यावरच्या माद्यांची नोंद, नव्या नियमाप्रमाणे. काम पूर्ण.' त्याच्या आधीची आणखी अकरा कमिटं, सगळी त्याच्याच नावावर, सगळी एकदम पुश केलेली. सगळंच्या सगळं.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग खाली गेले.

सोमवार, सकाळी ८.११. ट्रेंट विल्मोट. 'किरकोळ दुरुस्त्या.'

सोमवार, सकाळी ८.१९. ट्रेंट विल्मोट. जबरदस्तीनं पुश. साठा मागच्या महिन्याच्या रिलीजवर.

म्हणजे या गृहस्थानं आठ अकराला काहीतरी चुकीचं साठ्यात टाकलं, आणि आठ मिनिटांत घाबरून ते खोडलं. इंटरनेटवरून दोन ओळी उचलल्या असणार. जायचं होतं एक पायरी मागे, आणि हा गडी किती पायऱ्या ते न मोजता थेट रिलीजपर्यंत घसरत गेला. मधलं मर्वचं सगळं काम त्याच्याबरोबर गेलं. आम्ही साडेआठला येतो. नव्या मशीनांवर सगळ्यांनी तोच खोडलेला साठा उतरवून घेतला.

चूक करण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. चुका मी पोत्यानं केल्यात. एकदा माझ्यामुळे चाळीस बोटींना त्या समुद्रात नसून वाळवंटात आहेत असं दिसत होतं. पण आठ मिनिटांत खोडावं असं काय होतं त्यात?

उघडायला नको होतं कदाचित. मी उघडलं. 'किरकोळ दुरुस्त्या' म्हणजे एक ओळ खरंच दुरुस्त केलेली, आणि तिच्याबरोबर, फोल्डरमधलं सगळं डोळे मिटून उचलल्यामुळे, एक खाजगी फाईल. नाव: 'माणसं - जूनपर्यंत'.

'टमीका: स्वस्त. ठेवणे.'

'नेव्हा: तोंडाळ. वेगळं काही करायची गरज नाही. मर्व गेला की आपोआप जाईल.'

'मर्व: झटक्यानंतर डोकं पहिल्यासारखं नाही असं म्हणता येईल. स्वतःही घाबरलेला आहे, त्याचा उपयोग होईल. एखादी ठळक चूक नोंदवली की तब्येतीच्या नावाखाली काढणे.'

स्वतःही घाबरलेला आहे, त्याचा उपयोग होईल. शी! मी उठले, बेसिनपाशी जाऊन हात धुतले. साबण लावून धुतले, काही कारण नसताना. टमीका म्हणाली, "काय झालं?" मी म्हणाले, "घाणीत हात गेला." तिला वाटलं फ्रीजमधलं काहीतरी असेल.

काचेच्या खोलीचं दार मी वाजवलं नाही, आत गेले आणि लावून घेतलं. लॅपटॉप त्याच्या पुढ्यात ठेवला. तीन ओळी दाखवल्या. गुरुवार ३.४२, सोमवार ८.११, सोमवार ८.१९.

ट्रेंटचे कान आधी लाल झाले. बाकी चेहरा मागाहून.

"हे कुठून आलं?"

"फ्रीजच्या बाजूनं."

"मी मुद्दाम नाही केलं, नेव्हा. देवाशपथ. माझ्या डोक्यातही नव्हतं की त्याचं काम मध्ये आहे. मला मंगळवारी दुपारी लक्षात आलं."

"मग मंगळवारी दुपारी का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होतो. बुधवारी सांगणार होतो. तर बुधवारी सकाळी त्यानं स्वतःच कबूल केलं." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच थोडं आश्चर्य होतं. "त्यानंच लिहिलं ना, चूक माझी म्हणून? मी थोडंच सांगितलं होतं लिहायला?"

मी पुष्कळ नालायक माणसं पाहिली आहेत, या बंदरावरच वाढले मी. दारू पिऊन दुसऱ्याच्या सापळ्यांवर हात मारणारी, पकडली गेल्यावर मारामारी करणारी. त्यांचा राग यायचा. याचा रागही येईना. वाटत होतं, हा माणूस बसलाय ती खुर्ची फिनाईलनं पुसावी.

"ते काम मी परत आणतेय," मी म्हणाले. "आत्ता. तुझ्यासमोर."

"आण ना! उत्तमच. मला आनंदच आहे." तो पुढे सरकला. "फक्त एक कर. नोंदीत काय लिहिशील?"

परत आणायचं तर एक नवं कमिट करावं लागतं, आणि त्याला एक ओळ लिहावी लागते. ती ओळ मालकांना दिसते, पुढे येणाऱ्या प्रत्येकाला दिसते, आणि आमच्या नियमाप्रमाणे ती कधी पुसली जात नाही. हे ट्रेंटला बरोब्बर कळत होतं. बाकी काही कळलं नाही तरी.

"जे झालं ते लिहीन."

"सर्व्हरचा बिघाड लिही ना. अगं, सर्व्हरला काय वाईट वाटणार आहे? सगळे त्यालाच शिव्या घालतात."

"सर्व्हरनं काय घोडं मारलंय तुझं?"

"नेव्हा, प्लीज. मला दोन पोरं आहेत."

"मर्वलाही एक नात आहे. होती बुधवारपर्यंत."

त्याला समजलं नाही, मी समजावलंही नाही. मी टाइप करायला लागले. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला, दह्याचा आंबूस वास माझ्या मानेवर. "बरं, नाव तरी नको लिहूस. 'चुकून खोडलं गेलं' असं लिही. खोडलं गेलं. ते खोटं नाही ना?"

मी लिहिलं: 'मर्व डगनचं काम परत आणलं. ते त्यानं गुरुवारी दुपारी ३.४२ ला, पूर्ण आणि वेळेत, पुश केलं होतं. सोमवारी सकाळी ८.१९ ला ट्रेंट विल्मोटनं ते जबरदस्तीनं खोडलं.' आणि पुश केलं.

"आणि ती फाईल?" त्यानं हळूच विचारलं.

"ती नाही आणली."

त्यानं सुटकेचा श्वास सोडला. मला ऐकू आला.

"माझ्याकडे आहे," मी म्हणाले. "जूनमध्ये म्हण, डिसेंबरमध्ये म्हण, मर्वला हात लावलास तर मालकांच्या हातात जाईल. अकराची भेट रद्द झाली असं तूच जाऊन त्याला सांग. आणि कुणी खोडलं तेही तूच सांग."

"म्हणजे तू मला धमकावतेयस."

"हो."

बाहेर आले तेव्हा काही विजयी वगैरे वाटत नव्हतं. जी घाण त्याच्या मशीनवर होती ती आता माझ्याही मशीनवर होती, जपून ठेवलेली, वेळेला वापरायला. त्याचा उपयोग होईल, असं त्यानं लिहिलं होतं. मीही तेच करत होते. पण दुसरं काय करायला हवं होतं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ट्रेंटनं काय केलं? दहा मिनिटांनी बाहेर येऊन टाळी वाजवली. "मंडळी, आनंदाची बातमी! मर्वचं काम सापडलं. थोडा तांत्रिक घोळ होता. मर्व, आजची भेट कॅन्सल, मित्रा. एंजॉय कर." आणि गाडीची किल्ली घेऊन खाली गेला. जिन्यावर त्याची शीळ ऐकू येत होती. निर्लज्जाला काय म्हणावं.

मर्व त्याच्या जागेवर बसून होता. त्या दिवशी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, अकराच्या भेटीसाठी. टेबलावरचा मिलीचा फोटो, कप, चष्म्याची डबी, सगळं आधीच एका खोक्यात भरलेलं होतं. कागदावर सही करून तिथूनच निघायचं म्हणून.

मी खुर्ची ओढून बसले. "मर्व, हे बघ."

त्यानं चष्मा लावला. माझी नोंद वाचली. मग त्याची स्वतःची, गुरुवारची. मग पुन्हा माझी. वाचताना त्याचे ओठ हलत होते.

"म्हणजे मी केलं होतं," तो म्हणाला.

"केलं होतंस. सगळंच्या सगळं."

"यानं खोडलं."

"यानं खोडलं. आणि मंगळवारपासून याला माहीत होतं. आणि मर्व..." मी खुर्ची आणखी जवळ ओढली. "मंगळवारी मी तुला म्हणाले की नाहीये. मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता. चुकलं माझं."

"अगं, नव्हतंच तेव्हा. तू काय करणार?" त्यानं माझ्या हातावर थोपटलं. खरं तर सांत्वन करायला मी आले होते. "पण नेव्ह, त्याला खोडायचं काय होतं? त्याचं स्वतःचं काय गेलं होतं साठ्यात?"

मी अठरा वर्षं या माणसाला एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती. त्याच्या बायकोच्या आजारपणातसुद्धा नाही.

"घरचं काहीतरी होतं त्याच्या," मी म्हणाले. "मी नाही वाचलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मर्वला माणसं वाचता येतात. मग त्यानं मान डोलावली आणि स्क्रीनकडे वळला. ३.४२ वर बोट ठेवलं.

"मंगळवारी मी त्याला सांगितलं ना, मी पुश केलंय म्हणून, तेव्हा मला स्वच्छ आठवत होतं," तो म्हणाला. "दुपार होती, कुणीतरी खिडकी लावली, वारा सुटला होता म्हणून, आणि मी बटण दाबलं. मग तुम्ही सगळे म्हणालात नाही. मग मी रात्ररात्र बसून ते डोक्यातून काढलं. म्हटलं, हे खोटं आहे, हे घडलेलं नाही, हे काढून टाक. आणि आता..." बोट तिथेच होतं. "आता नाही आठवत मला. हे वाचतोय, नाव माझं आहे. पण आठवत नाही."

"येईल रे. येईल आठवण. चार दिवस जाऊ देत."

"येईलही."

"केरीला फोन कर. आत्ता कर. मी लावून देऊ? साडेतीनला साहेबांना घेऊन यायला सांग."

त्यानं फोन हातात घेतला. नाव काढलं. मग त्यानं तो पालथा करून टेबलावर ठेवला.

"राहू दे इतक्यात," तो म्हणाला. "असू दे तसंच."

"मर्व, ढळढळीत समोर दिसतंय की तुझं डोकं ठीक आहे!"

"दिसतंय गं. मला दिसतंय." तो उठला, पँट नीट केली, खोक्यातून आपला कप काढला. "चहा करतो. तू घेणार ना?"

"घेणार."

ओट्यापाशी जाऊन त्यानं किटली लावली. मला पाठमोरा दिसत होता. अठरा वर्षं रोज दहाला हाच माणूस माझा चहा करतो. साखर किती ते मला कधी सांगावं लागलेलं नाही, आणि त्यानं कधी विचारलेलं नाही. साखरेचा डबा उघडल्याचा आवाज आला, चमचा डब्यात गेल्याचा आला. मग काहीच आवाज नाही.

"नेव्ह," तो वळून म्हणाला, चमचा हातात तसाच धरून. "तुला साखर दोन ना?"

"दोन," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की, मर्व. दोन."

त्यानं मोजून घातली. एक. दोन. आणि डब्याचं झाकण लावण्याआधी पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं.